निकेलवाले साडू

बालाघाटाच्या रांगेत डोंगर उभे राहिल्यापासून जेवढी माणसं जन्माला आली, त्या सगळ्यांत ज्याला खोटं बोलताच येत नाही असा एकच माणूस निघाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दुसऱ्या कुणाचा निघाला असता तर मी चार गावांत त्याची तारीफ करत फिरलो असतो. पण साडूचं नातं वाईट. सासुरवाडीला एकाच पंगतीत दोघांची पानं मांडलेली असतात आणि वाढणाऱ्या बाया भाजी वाढता वाढता दोघांना तोलत असतात. मी माजलगावात बी-बियाणांचं दुकान चालवतो. "ही पिशवी पेरा, बोंडं मोजायला तलाठी बोलवावा लागंल," असं दोन-चार गिऱ्हाइकांना ऐकवल्याशिवाय मला सकाळचा चहा पचत नाही. आणि हे गृहस्थ धारूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. "काय साडूभाऊ, बरं हाय ना?" असं विचारलं की चष्मा वर सरकवून विचारतात, "कशाच्या मानानं?"

मुलगी बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या सासूबाई, म्हणजे मामी, अजून सांगतात. पोहे खाऊन झाले, मुलगी आत गेली, सगळे यांच्या तोंडाकडे बघत बसले. हे म्हणाले, "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही." मग तीन रविवार ओळीनं दिंद्रुडला, आमच्या सासुरवाडीला, आले, तिन्ही रविवारी पोहे खाल्ले आणि तिसऱ्या रविवारी जाहीर केलं की मुलगी तिन्ही वेळा सारखीच आवडली. मामी म्हणतात, "पोह्यात मीठ मात्र दुसऱ्या खेपंला जास्ती पडलंतं, ते बी त्यांनी सांगितलं." माझ्या लग्नात मी मांडवात बसून पाव्हण्यांना आमच्या मळ्यातल्या कलिंगडाची हकीकत सांगत होतो. बैलगाडीचं चाक मोडलं त्याच्या वजनानं, इतपत मी आणलं होतं. हे मागून शांतपणे म्हणाले, "वजन कोणत्या काट्यावर केलंत?" सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून सासुरवाडीत दोन जावई ठरून गेले. एक खऱ्याचा आणि एक थापांचा. मला त्यात कधी काही वाटलं नाही. आता वाटतं.

त्यांच्या बोटांविषयी सांगायला पाहिजे. उजव्या हाताची तीन बोटं कायम केशरी-लाल. हळदीला उभा केलेला नवरदेव तिथंच विसरून सगळे जेवायला गेले असावेत तशी. त्याचं कारण त्यांचं ते रसायन. आपल्या पेशीत डीएनएचा दोन धाग्यांचा पीळ असतो, हे हल्ली शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण साडूंचं मन त्या सरळ दोन धाग्यांत कधी रमलं नाही. त्यांचं म्हणणं, हा धागा काही जागी, विशेषतः टोकाशी, स्वतःवरच उलटतो आणि तिथं चार पदरांची गाठ बसते. चार कण एका पातळीत चौकोन करून बसतात, त्या चौकोनावर दुसरा चौकोन, त्यावर तिसरा. जगातले सगळे लोक सरळ पिळामागे लागलेले असताना हे त्या वाकड्या गाठीमागे लागले. मधोमध धातूचा एक अणू बसवलेलं सपाट रसायन करायचं, ते त्या चौकोनाच्या माथ्यावर पाटावर पाट ठेवावा तसं टेकवायचं, की गाठ पक्की होते आणि सुटत नाही. कॅन्सरच्या पेशीला न थांबता वाढायला ते टोक मोकळं लागतं. गाठ सुटली नाही तर तिची वाढ खुंटते. तिकडे मोठमोठ्या प्रयोगशाळांत या कामाला भारी भारी धातू वापरतात. धारूरला परवडतं निकेल. निकेल घातलं की रसायन लालभडक होतं आणि बोटांना लागलं की आठ दिवस जात नाही.

चौदा वर्षं हा माणूस तेच करत होता. दर सुट्टीत विद्यापीठात जाऊन तिथल्या यंत्रावर मोजमाप करायचं आणि तोंड पाडून परत यायचं. मी विचारायचो, "काय झालं?" ते म्हणायचे, "गाठीवर बसतंय. पण सरळ धाग्यावर बी बसतंय. त्याला ओळख पटत न्हाई." एखाद्याची मुलगी नापास झाल्यावर बाप बोलतो तशा आवाजात.

एकदा त्यांनी ती चार पदरी गाठ पडणारा डीएनएचा तुकडा बाहेरून मागवला. कुरिअरनं बोटभर नळी आली. नळीत काहीच दिसत नव्हतं, कारण माल इतका थोडा की तळाला चिकटलेलाही डोळ्याला दिसू नये. कॉलेजच्या भांडारपालानं नळी उजेडात धरली, उलटी केली, कानाशी हलवली आणि नोंदवहीत लिहिलं, 'रिकामी नळी, एक नग'. साडू तीन दिवस त्याच्यामागे लागून होते की 'रिकामी' हा शब्द खोडा. तो म्हणे, "सर, तुमी मला दाखवा, मी खोडतो." नळी थंड ठेवायची, आणि कॉलेजच्या फ्रिजचं धारूरच्या विजेवर पोट भरत नव्हतं. म्हणून ती बस स्टँडजवळच्या ज्यूस सेंटरवाल्या चाचांच्या डीप फ्रीजरमध्ये सीताफळाच्या गराशेजारी ठेवलेली असायची. चाचांनी डब्यावर चिठ्ठी लावली होती, 'सर का माल, हात लगाना मना'. गिऱ्हाइकांनी विचारलं की चाचा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "इसमें आदमी की जान है." हे वाक्य गावभर झालं. पुढं ते घाट उतरून दिंद्रुडपर्यंत गेलं आणि तिथं पोचेपर्यंत त्याचं 'दिंद्रुडच्या थोरल्या जावयानं कॅन्सरचं औषध काढलं' असं झालं. जाता जाता ते माजलगावात माझ्या दुकानावरून फिरून गेलं, एवढंच सांगतो.

आमचे सासरे, मामा, म्हणजे दिंद्रुडचं मोठं खटलं. पंचवीस एकर बागायत, दोन वेळा सरपंच, आणि तोंडात तंबाखूचा बार धरून अख्खी ग्रामसभा चालवायची हातोटी. दोन सालांमागं त्यांचा आवाज बसला. पुढं घास उतरेना. शहरातल्या दवाखान्यात तपासलं, घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, सलाईनमधून औषध आणि जोडीला किरणांचा शेक असं दोन्ही सुरू करू, हाताशी वेळ आहे. मामांनी सगळं ऐकून घेतलं, धोतराचा सोगा सावरला आणि बसल्या आवाजात म्हणाले, "कावून? घरात जावयानं औषध काढलंय आन् मी लोकाचं घेऊ व्हय?"

आणि मळ्यात येऊन बसले. हटून बसले. साडू सांगायला गेले. पायरीवर बसून त्यांनी अर्धा तास मामांना समजावलं की माझं रसायन अजून औषध नाही, ते फक्त नळीतल्या गाठीवर बसतं, माणसाला देता येत नाही, चुकून दिलं तर धोका आहे. मामा हसत होते. "जावईबापू, तुमी लई साधं मानूस. खरा गुणी मानूस असंच बोलतो." माझे मेव्हणे, मामांचे एकुलते चिरंजीव, जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी तेव्हा धावपळीत होते. ते साडूंना बाजूला घेऊन म्हणाले, "दाजी, सासऱ्यासाठी एवढं बी करू नये का? एक बाटली द्यायला काय जातंय तुमचं?" साडू नाही नाही म्हणत राहिले. असे तीन आठवडे गेले. मामांना पाणी प्यायलाही त्रास होऊ लागला. रोज गेलेला दिवस पुन्हा मिळणार नव्हता. हे कळत होतं सगळ्यांना, आणि उपाय एकालाच दिसत होता. तो म्हणजे मी.

मी मामांच्या खाटेशी गेलो आणि कानात म्हणालो, "मामा, बोभाटा करू नका. दवाखान्यात जे सलाईन लावणार हायेत ते साडूभाऊंचंच औषध हाय. सरकारची परवानगी यायचीय, म्हणून फायलीवर दुसरंच नाव लिहितात. ते उघड बोलू शकत न्हाईत, नोकरी जाईल. म्हणून तर नाही नाही म्हणतेत." इतकी सुबक थाप मी आयुष्यात दुसरी मारली नाही. सगळे कोपरे बसले होते. मामांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "गाडी काढा."

दवाखान्यात सलाईन लावायला नर्स आली. मामांनी पिशवीकडे बघितलं आणि हात मागं घेतला. पिशवीतलं औषध पाण्यासारखं होतं. "ह्ये लाल कावून न्हाई?" त्यांनी जावयाची बोटं चौदा वर्षं बघितली होती. मी लगेच म्हणालो, "शुद्ध केलं की रंग जातो, मामा." साडूंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही, कारण त्यांचं रसायन जेवढं शुद्ध तेवढं जास्त लाल. मामांनी माझ्याकडं लक्षही दिलं नाही. माझी किंमत त्यांना ठाऊक होती. ते साडूंकडं वळले. "जावईबापू, तुमी सांगा. तुमचं हाय का?"

मेव्हणे बघत होते, आक्का म्हणजे साडूंची बायको बघत होती, नर्स सुई धरून थांबली होती. पिशवीत प्लॅटिनमचं जुनं, जगभर चालणारं औषध होतं. तेही डीएनएवरच बसतं, पण सरळ धाग्याला पकडून वाकवतं, चांगल्या-वाईट पेशींत फरक करत नाही, म्हणून माणसाला ओकारी होते, मूत्रपिंडं दमतात. साडू ज्याला पर्याय शोधत होते तेच. ते 'नाही' म्हणाले असते तर म्हातारा सरळ उठून गाडीत बसला असता. साडूंनी चष्मा वर सरकवला. "धातूचंच हाय, मामा," ते म्हणाले.

मामांनी हात पुढं केला.

बाहेर व्हरांड्यात मी म्हणालो, "साडूभाऊ, जिंकलो की." ते भिंतीला टेकून उभे होते, घामानं शर्ट चिकटलेला. म्हणाले, "तुमी रोज कसं करता हो हे?"

पहिले काही महिने मामांना उतार पडला. पेज जायला लागली, मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. मामांनी बोभाटा न करण्याचं वचन दिलं होतं, त्यामुळे ते फक्त भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळं, कानात सांगायचे. धारूरला साडूंच्या दारात माणसं येऊ लागली. पिशवीत रिपोर्ट, रुमालात बांधलेले फोटो. केजहून, वडवणीहून, कुणी म्हाताऱ्या आईला रिक्षात बसवून. साडू प्रत्येकाला आत बसवून पाणी द्यायचे आणि सांगायचे, माझ्याकडं औषध नाही, तुम्ही दवाखान्यात जा. स्वतः चिठ्ठी लिहून कुठं जायचं, कुणाला भेटायचं ते द्यायचे. लोक जाताना म्हणायचे, "घरच्यांसाठी ठेवलंय. आपल्याला कशाला देतील?" एक बाई उंबऱ्यावर बसून राहिली, उठेनाच. आक्कानं तिला जेवू घातलं. तिनं जेवताना एकदाही मान वर केली नाही. त्यानंतर साडू घरी उशिरा यायला लागले.

आठव्या महिन्यात दुखणं उलटलं. फुप्फुसात गेलं होतं. मामा मळ्यातच गेले, दिवसाउजेडी, सगळी माणसं जवळ असताना. तेराव्याला पंगत बसायच्या आधी मेव्हणे उठले आणि चारचौघांत म्हणाले, "ज्यांनी माझ्या बापावर परयोग केला, त्यांच्या ताटाला ताट लावून मी जेवणार न्हाई." सगळे साडूंकडं बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. एवढ्याशा कलिंगडासाठी ज्यानं माझा भर मांडवात पचका केला, तो आता दोन वाक्यांत सगळं मोकळं करेल. साडू उठले. मामींच्या पाया पडले. आक्काला म्हणाले, "चल." आणि गेले.

तेव्हापासून आक्काला माहेर नाही. पंचमीला तिला न्यायला कुणी आलं नाही, संक्रांतीला नाही. मी एकदा धारूरला गेलो तेव्हा चहाचा कप माझ्यापुढं ठेवत ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या एका थापंनं माझा बाप आठ म्हैने जगला, ते मी इसरत न्हाई. पर माझं माहेर बी त्याच थापंनं गेलं." रडली वगैरे नाही. बशी पुसून ठेवली.

मी गाडी काढून तडक दिंद्रुडला गेलो. मेव्हण्यांना बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं. एक शब्द वर नाही, एक खाली नाही. ते ऐकत होते. मग खुर्चीत मागं रेलून हसले. "दाजी, जन्मात तुमचं एक तरी खरं निघालंय का? साडूनं पाठवलं ना तुमाला?" मी म्हणालो, फाइल बघा, फायलीवर औषधाचं नाव आहे. ते म्हणाले, "फायलीवर दुसरं नाव लिहितात, ते माझ्या बापानं मला सांगितलंय. परवानगी न्हवती म्हणून." मी डॉक्टरांकडं चला म्हणालो. ते म्हणाले, "डॉक्टर कशाला कबूल करंल?" मी जे जे दार उघडायला जात होतो ते ते मीच आतून कडी घालून बंद केलेलं होतं. मामी दाराआड उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि आत गेल्या. त्यांनी काय मानलं ते मला आजवर कळलेलं नाही.

तसाच घाट चढून धारूरला आलो. दुपार होती, कॉलेज सुटलेलं. साडू प्रयोगशाळेत एकटेच एका चंचुपात्रातलं लाल पाणी ढवळत बसले होते. मी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, माझ्यानं झालं न्हाई. तुमचं ऐकतील. तुमी एकदा जाऊन सांगा."

"न्हाई," ते म्हणाले. "मग मामा आठ म्हैने ज्याच्यावर खूश होते ते खोटं होतं, असं होईल. ते त्यांचं ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "पण तुमी का सोसायचं?"

ते म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाई. दर शनिवारी मी मळ्यात जायचो ना, तवा मामा मला बसवून घ्यायचे. म्हणायचे, औषध अंगात काम कसं करतं ते सांगा. मी प्लॅटिनमचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, सगळं खरं खरं. त्यांना दावी वळायची सवय. त्यांनी अंबाडीची दोरी घेतली, चार पदर केले, टोकाला गाठ मारली आणि म्हणाले, हे असं का? मी म्हणालो, असंच. म्हणाले, मग गाठ मारल्यावर दोरी उसवत न्हाई, ही चांगली गोष्ट. मग वाईट पेशीला ती सोडवायची कावून असते? असा एकेक सवाल. विद्यापीठात माझ्या तोंडी परीक्षेला चार मोठी माणसं होती, साडूभाऊ. मी संदर्भ किती दिले ते त्यांनी मोजलं आणि चहा मागवला. असं कुणी इचारलंच न्हवतं."

बाहेर कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. साडूंनी काचेची कांडी टेबलावर ठेवली.

"शेवटच्या शनिवारी आवाज न्हवता त्यांना. पाटीवर लिहून इचारलं, ही गाठ चांगल्या पेशीत बी असंल की, तिथं धातू बसला तर? मी म्हणालो, मामा, हाच तर खरा सवाल हाय, याचं उत्तर मला येत न्हाई. ते हसले. तवापासून त्याच्यावरच बसलोय." चष्मा काढून त्यांनी शर्टाला पुसला. "अर्धंमुर्धं उत्तर सापडलंय आता. सांगायचं कुणाला?"

"मला सांगा की," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. फळ्याजवळ गेले, खडू घेतला, चौकोन काढला, चौकोनावर चौकोन काढला. मन लावून, हळूहळू, कुठंही न अडखळता पाऊण तास सांगत होते. मी सगळं ऐकलं. सांगून झाल्यावर ते खडू हातात धरून माझ्याकडं बघत थांबले. आणि जन्मभर तोंडाला कुलूप म्हणून माहीत नसलेल्या मला त्यांना विचारायला एकही प्रश्न सुचला नाही.